पर्यावरणीय संमती

पर्यावरणीय संमती : हवा, पाणी वा जमीन दूषित करण्याचा संभव असलेला उद्योगधंदा उभारण्यापूर्वी आणि चालू करण्यापूर्वी शासनाने नेमलेल्या प्राधिकरणाकडून घ्यावी लागणारी लेखी व सशर्त अनुज्ञा. सर्वसाधारण व्यापारी परवान्याहून ही अनुज्ञा भिन्न आहे. परवान्याचा संबंध मुख्यतः धंदा करणाऱ्या व्यक्तीशी असतो, तर संमतीचा संबंध विशिष्ट जागा, विशिष्ट यंत्रसामग्री आणि विशिष्ट उत्पादनक्षमता यांच्याशी असतो. यांपैकी एकातही बदल झाला, तर मूळ संमती त्या बदलास लागू पडत नाही. भारतात ‘पर्यावरणाची परवानगी’ या सैल शब्दप्रयोगाखाली प्रत्यक्षात तीन निरनिराळ्या गोष्टी येतात : राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाचे संमतिपत्र, पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ खाली मिळणारी पर्यावरणविषयक पूर्वमंजुरी, आणि घातक कचऱ्याची हाताळणी करण्याचे प्राधिकारपत्र. या तिन्हींचे प्राधिकारी, अर्ज व कसोट्या वेगवेगळ्या आहेत. अर्जदारांची बहुतेक फसगत या तिन्हींची गल्लत केल्यामुळे होते.

कारखान्याच्या धुरावर व सांडपाण्यावर शासनाने बंधन घालण्याची कल्पना औद्योगिक क्रांतीइतकी नसली, तरी बरीच जुनी आहे. इंग्लंडमध्ये १८६३ च्या अल्कली अधिनियमाने सोडा तयार करणाऱ्या कारखान्यांनी हायड्रोक्लोरिक अम्लाच्या वायूपैकी ९५ टक्के भाग बाहेर न सोडता शोषून घ्यावा, असे ठरविले. मुंबई इलाख्यात धुराच्या उपद्रवासंबंधीचा अधिनियम १९१२ मध्ये झाला. वऱ्हाडातील कापसाच्या कारखान्यांना लागू असलेला १९२५ चा जिनिंग व प्रेसिंग कारखान्यांविषयीचा केंद्रीय अधिनियम मात्र वेगळ्या दृष्टीचा होता. गाठींवर कारखान्याची खूण उमटवावी, नोंदवह्या ठेवाव्यात आणि भेसळ होऊ नये, एवढ्यावरच त्याचा भर होता. सरकी वेगळी करताना उडणारी तूस मजुरांच्या छातीत जाते, याची दखल त्याने घेतली नाही. अशा उपद्रवाविरुद्ध शेजाऱ्याला फौजदारी संहितेतील सार्वजनिक उपद्रवाची कलमे किंवा दिवाणी दावा एवढाच मार्ग होता, आणि दोन्ही मार्ग नुकसान होऊन गेल्यावरचे होते.

महाराष्ट्राने या बाबतीत केंद्राच्या आधी पाऊल टाकले. महाराष्ट्र जलप्रदूषण प्रतिबंध अधिनियम, १९६९ खाली ७ सप्टेंबर १९७० रोजी राज्याचे मंडळ स्थापन झाले. संसदेचा जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम १९७४ मध्ये आला व महाराष्ट्राने तो १ जून १९८१ पासून स्वीकारला. हवेसंबंधीचा अधिनियम १९८१ चा. त्याखाली राज्यातील काही भाग १९८३ मध्ये आणि संपूर्ण राज्य ६ नोव्हेंबर १९९६ पासून ‘वायुप्रदूषण नियंत्रण क्षेत्र’ म्हणून घोषित झाले.

या कायद्यांच्या मूळ रूपात एक महत्त्वाची उणीव होती. १९७४ च्या अधिनियमाचे २५ वे कलम सांडपाणी सोडणाऱ्याला उद्देशून होते. म्हणजे कारखाना उभा राहिला, पाणी वाहू लागणार, आणि त्या टप्प्यावर मंडळाची संमती मागावयाची. १९८१ च्या अधिनियमातही परिशिष्टात नमूद केलेले उद्योग ‘चालविण्या’पुरतेच बंधन होते. अशा स्थितीत मंडळापुढे खरा पर्याय नसे. भांडवल गुंतलेले, मजूर कामावर आलेले, कर्जाचे हप्ते सुरू झालेले. नकार देणे जवळजवळ अशक्य होई. भोपाळची वायुदुर्घटना (१९८४) घडल्यानंतरच्या काळात, १९८७ मध्ये हवेच्या व १९८८ मध्ये पाण्याच्या अधिनियमात दुरुस्ती होऊन उद्योग ‘स्थापन करण्या’पूर्वीच संमती घेणे आवश्यक ठरले. तेव्हापासून संमतीचे दोन टप्पे झाले : स्थापनेची संमती व संचालनाची संमती. कायद्याचे लक्ष कारखान्याच्या नळावरून त्याच्या जागेकडे वळले. पुढील सर्व प्रक्रियेचा गाभा या एका बदलात आहे, आणि अर्जदार सर्वाधिक चुकतो तोही याच ठिकाणी. स्थापनेची संमती हा पहिला कागद आहे; प्रत्यक्षात मात्र तो यंत्रे बसविल्यावर शेवटचा म्हणून मागितला जातो.

चांदूर रेल्वेचे उदाहरण : मोठ्या रासायनिक कारखान्यांकडे या कामासाठी स्वतंत्र अधिकारी व सल्लागार असतात. संमतीची पद्धत सामान्य उद्योजकाला व त्याच्या शेजाऱ्याला कशी लागू पडते, हे तालुक्याच्या गावी अधिक स्पष्ट दिसते. चांदूर रेल्वे हे अमरावती जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण मुंबई-नागपूर लोहमार्गावर बडनेरा व धामणगाव यांच्या दरम्यान आहे. हा मार्ग १८६७ मध्ये नागपूरपर्यंत पोहोचला. त्याच जिल्ह्यातील चांदूर बाजारहून वेगळे ओळखता यावे, म्हणून नावापुढे ‘रेल्वे’ लागले. तालुक्याची जमीन दक्षिण ट्रॅपच्या काळ्या पाषाणापासून बनलेली. सखल भागात काळी कसदार माती, चढावर मुरूम व उघडा खडक. कापूस, तूर व सोयाबीन ही प्रमुख पिके. अमरावती व चांदूर यांच्या दरम्यान पोहरा-मालखेडचे राखीव वन पसरले आहे. अशा मुलखात जे धंदे निघतात, ते शेतमालाशी वा दगडमातीशी निगडित असतात : जिनिंग, डाळ गिरणी, तेलघाणी, आरागिरणी, वीटभट्टी, दगडाची खदान व गिट्टीचे क्रशर.

यांपैकी दगडाच्या धंद्याला अलीकडच्या काळात विशेष महत्त्व आले. मुंबई व नागपूर यांना जोडणारा ७०१ किमी. लांबीचा समृद्धी महामार्ग अमरावती जिल्ह्यातील धामणगाव रेल्वे, चांदूर रेल्वे व नांदगाव खंडेश्वर या तीन तालुक्यांतून जातो. नागपूर ते शिर्डी हा त्याचा भाग ११ डिसेंबर २०२२ रोजी आणि अखेरचा भाग ५ जून २०२५ रोजी वाहतुकीस खुला झाला. भरावासाठी मुरूम आणि काँक्रीटसाठी गिट्टी असा मोठा माल अशा कामाला लागतो, आणि दगड दूरवरून आणणे परवडत नसल्याने तो जवळपासच्या जमिनीतूनच निघतो. रस्ता पूर्ण झाल्यावरही खदानीचा खड्डा व क्रशरची यंत्रे मागे राहतात.

वर्गवारी : प्रत्येक उद्योगाला सारखीच तपासणी लावणे शक्य नसते व न्याय्यही नसते. म्हणून प्रदूषणाच्या संभाव्यतेनुसार उद्योगांचे गट पाडण्यात येतात. लाल, नारिंगी व हिरवा हे गट १९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीपासून रूढ आहेत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१६ मध्ये हवा, पाणी व घातक कचरा यांचा एकत्रित विचार करून १०० पैकी प्रदूषण निर्देशांक ठरविला. ६० व त्याहून अधिक गुण असलेले उद्योग लाल, ४१ ते ५९ नारिंगी, २१ ते ४० हिरवे व २० पर्यंतचे पांढरे, अशी त्या वेळची विभागणी होती. पांढरा गट त्याच वेळी नव्याने आला. २०२५ मध्ये या वर्गवारीची फेररचना होऊन अत्यावश्यक पर्यावरणीय सेवांसाठी निळा गट जोडला गेला. २०१६ च्या यादीप्रमाणे डाळ गिरणी, साधी तेलघाणी, आरागिरणी आणि राखेच्या विटांचा कारखाना हिरव्या गटात, तर क्रशर, मातीच्या विटांची भट्टी व डांबरमिश्रणाचे संयंत्र नारिंगी गटात येते. सांडपाणी मुळीच नसलेला क्रशर डाळ गिरणीहून वरच्या गटात कसा, असा प्रश्न अर्जदाराला पडतो. त्याचे उत्तर धुळीत आहे.

आपला गट कोणता हे अर्जदाराने अर्ज करण्याआधी निश्चित करावे. शुल्क, तपासणीची वारंवारता व संमतीची मुदत ही तिन्ही गटावर अवलंबून राहत आली आहेत. २०१० नंतरच्या दशकात संचालन-संमतीची कमाल मुदत लाल गटास ५, नारिंगी गटास १० व हिरव्या गटास १५ वर्षे अशी रूढ झाली. २०२५ मध्ये केंद्र शासनाने संमती देणे, नाकारणे व रद्द करणे यांविषयी सर्व राज्यांसाठी समान मार्गदर्शक तत्त्वे अधिसूचित केली.

स्थापनेचा अर्ज : चांदूर रेल्वे तालुक्यातील अर्जदाराचा संबंध महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अमरावती येथील कार्यालयाशी येतो. अर्ज संगणकीय पद्धतीने भरावयाचा असतो. त्यासोबत जमिनीचा सातबारा किंवा भाडेपट्टा, जागेचा नकाशा, उत्पादनप्रक्रियेचा आराखडा, कच्चा माल व तयार माल यांची दैनिक वा मासिक परिमाणे, पाण्याचा उगम व वापर, इंधन, धूर वा धूळ निघण्याची ठिकाणे व ती रोखण्याची साधने यांचा तपशील द्यावा लागतो. शुल्क भांडवली गुंतवणुकीच्या प्रमाणात असल्यामुळे सनदी लेखापालाचा दाखला जोडणे आवश्यक असते. गुंतवणूक कमी दाखवून शुल्क वाचविण्याचा मोह पुढे महागात पडतो, कारण त्याच यंत्रांची खरी किंमत बँकेच्या कर्जप्रकरणात नोंदलेली असते.

या सर्वांत नकाशा हा सर्वांत निर्णायक व सर्वांत दुर्लक्षित कागद होय. गावठाण, शाळा, विहिरी, नाला, तलाव, वनाची हद्द, राज्य मार्ग व शेजारची शेते यांची अंतरे त्यावर खरी दाखविलेली असली पाहिजेत. पाहणीस येणारा क्षेत्र अधिकारी प्रथम हीच अंतरे पडताळतो. चांदूर रेल्वेच्या परिसरात पोहरा-मालखेड वनाच्या सीमेचा प्रश्न त्यामुळेच महत्त्वाचा ठरतो. राखीव वनाची जमीन वनेतर कामासाठी वापरावयाची असेल, तर १९८० च्या वन (संरक्षण एवं संवर्धन) अधिनियमाखाली केंद्राची पूर्वपरवानगी लागते, आणि प्रदूषण मंडळाचे संमतिपत्र हे तिला पर्याय होऊ शकत नाही. ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखलाही असाच अपुरा आहे. तो मिळाला म्हणजे ‘परवानगी झाली’, अशी ग्रामीण भागात समजूत आढळते. वस्तुतः तो जोडपत्रांपैकी एक आहे.

क्रशर आणि वारा : क्रशरमध्ये दगड प्रथम जबड्यासारख्या यंत्रात फुटतो, पट्ट्यावरून चाळणीकडे जातो व आकारानुसार वेगळा होऊन ढिगांत पडतो. जबडा, पट्ट्याचे टोक, चाळणी व चुरीचा ढीग ही धूळ उडण्याची चार ठिकाणे. पर्यावरण (संरक्षण) नियम, १९८६ च्या अनुसूचीत क्रशरसाठी पाच उपाय सांगितले आहेत : धूळ कोंडणारी व पाण्याच्या तुषारांनी दाबणारी यंत्रणा, वारारोधक भिंती, आवारातील पक्के रस्ते, जमिनीची नियमित साफसफाई व शिंपण, आणि परिघावर झाडांचा पट्टा. यंत्रापासून ३ ते १० मी. अंतरावर मोजलेले तरंगते धूलिकण दर घन मीटर हवेत ६०० मायक्रोग्रॅमहून अधिक असू नयेत, अशी मर्यादाही आहे.

हे उपाय सर्व देशाला सारखे असले, तरी ते कोठे व केव्हा करावयाचे हे स्थानिक हवामानावर ठरते. वऱ्हाडात पावसाळ्यात वारे साधारणतः पश्चिमेकडून व नैर्ऋत्येकडून, तर हिवाळ्यात उत्तरेकडून व ईशान्येकडून वाहतात. पावसाळ्यात खदानीत पाणी साचून काम मंदावते व ओली धूळ फारशी उडत नाही. दसऱ्यानंतर क्रशर पुन्हा जोराने चालू होतात, आणि नेमक्या त्याच महिन्यांत कापसाची बोंडे फुटून सरकीसह कापूस उघडा पडलेला असतो. म्हणजे क्रशरच्या दक्षिण व नैर्ऋत्य बाजूच्या शेतांना सर्वाधिक धोका वेचणीच्या हंगामात असतो. धुळीने मळलेल्या कापसाला बाजारात भाव उतरून मिळतो. तुरीचा फुलोराही याच सुमारास असतो. ज्या क्रशरची भिंत केवळ रस्त्याकडील बाजूस बांधलेली असते, त्याने अधिकाऱ्याच्या नजरेची सोय केलेली असते, पिकाची नव्हे. स्थापनेच्या संमतीत भिंतीची दिशा व उंची स्पष्ट लिहून घेणे, हे म्हणूनच शेजारी शेतकऱ्याच्या दृष्टीने एखाद्या नुकसानभरपाईच्या दाव्याहून अधिक मोलाचे असते. उन्हाळ्यात शिंपणासाठी लागणारे पाणी कोठून आणणार, हाही प्रश्न याच टप्प्यावर विचारला गेला पाहिजे. गावची विहीर आटलेली असताना तुषारयंत्रणा चालू राहील, असे कागदावर लिहिणे सोपे असते.

खदानीची पूर्वमंजुरी : क्रशर आणि खदान एकाच मालकाची असली, तरी कायद्याच्या दृष्टीने ते दोन व्यवसाय आहेत. खदानीचा भाडेपट्टा जिल्हाधिकारी गौण खनिजांच्या नियमांखाली देतात. सुरुंगासाठी स्फोटकांविषयीचा परवाना निराळा असतो. त्या विषयाच्या केंद्रीय संघटनेचे मुख्यालय नागपूर येथे आहे. यांशिवाय पर्यावरणविषयक पूर्वमंजुरी लागते. १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेने खनिजकर्मास ही मंजुरी आवश्यक केली होती. तथापि ५ हेक्टरांखालील लहान खाणी तीतून सुटत असत, आणि त्यामुळे मोठ्या क्षेत्राचे लहान तुकडे पाडून भाडेपट्टे देण्याची प्रथा पडली. सर्वोच्च न्यायालयाने २७ फेब्रुवारी २०१२ रोजी हरियाणातील दीपक कुमार प्रकरणात ही पळवाट बंद केली व गौण खनिजांच्या लहान भाडेपट्ट्यांनाही पूर्वमंजुरी अनिवार्य ठरविली. जानेवारी २०१६ मध्ये केंद्राने लहान खाणींसाठी जिल्हास्तरीय प्राधिकरणे निर्माण केली. परंतु सप्टेंबर २०१८ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने त्या व्यवस्थेतील तपासणी अपुरी ठरविली व हे काम राज्यस्तरीय प्राधिकरणाकडे परत गेले. चांदूर रेल्वेसारख्या ठिकाणच्या अर्जदाराला या फेरफारांचा अर्थ एवढाच, की जे प्रकरण काही काळ अमरावतीस निकालात निघत होते, ते पुन्हा मुंबईस जाऊ लागले.

दोन खाणींच्या सीमांतील अंतर ५०० मी.हून कमी असल्यास त्या ‘समूह’ मानल्या जातात आणि त्यांचे क्षेत्र एकत्र मोजले जाते. एकट्या लहान खाणीस सामान्यतः जनसुनावणी लागत नाही. समूहाचे क्षेत्र वाढले, की पर्यावरणीय आघाताचे मूल्यमापन व जनसुनावणी यांचा प्रश्न उपस्थित होतो. त्यामुळे शेजारच्या गटातील खदान कोणाची व केवढी, हे अर्जदाराला आपल्या खदानीइतकेच ठाऊक असावे लागते.

महामार्गांच्या भरावासाठी लागणाऱ्या मातीचा प्रश्न याहून वेगळ्या वळणाने गेला. २८ मार्च २०२० रोजी केंद्र शासनाने रस्ते, नळमार्ग इ. रेषीय प्रकल्पांसाठी साधी माती काढण्यास पूर्वमंजुरीतून सूट दिली. कोणत्या प्रकल्पाला, किती मातीला व कोणत्या अटींवर, यांपैकी काहीच तीत नव्हते. सर्वोच्च न्यायालयाने २१ मार्च २०२४ रोजी ही सूट रद्द केली. मधल्या चार वर्षांत राज्यातील अनेक रस्त्यांची कामे पुरी झाली होती.

वीटभट्टी : भट्टीचा धंदा हंगामी, जागा बदलणारा व बहुधा भाड्याच्या शेतात चालणारा असल्यामुळे तो संमतीच्या चौकटीत नीट बसत नाही. तरीही २२ फेब्रुवारी २०२२ च्या अधिसूचनेने भट्ट्यांसाठी निश्चित अंतरे घातली आहेत : वस्ती व फळबागा यांपासून ०·८ किमी. आणि दुसऱ्या भट्टीपासून १ किमी. संत्र्याच्या बागा असलेल्या अमरावती जिल्ह्यात फळबागेचा हा उल्लेख नाममात्र नाही. विटांच्या मातीत औष्णिक विद्युत् केंद्रातील राख मिसळण्याचा दंडक १९९९ पासूनचा आहे. आरंभी तो केंद्रापासून ५० किमी. अंतरापर्यंत होता, २००३ मध्ये १०० किमी. झाला. अमरावतीजवळील नांदगाव पेठ येथे १,३५० मेगॅवॉट क्षमतेचे केंद्र २०१३ ते २०१५ या काळात टप्प्याटप्प्याने उभे राहिल्यावर चांदूर रेल्वेचा परिसरही या कक्षेत आला. मातीची भट्टी नारिंगी गटात व राखेच्या विटांचा कारखाना हिरव्या गटात, या फरकाचा लाभ घेऊन दुसऱ्या धंद्याकडे वळणे अनेकदा शहाणपणाचे ठरते. मात्र त्यासाठी कायमची जागा व वीजजोडणी लागते. भट्टीवाल्याकडे बहुधा दोन्ही नसतात.

निर्णय व मुदत : मंडळाने अर्जावर चार महिन्यांत निर्णय द्यावा, असे दोन्ही अधिनियमांत आहे, पण परिणाम सारखा नाही. पाण्याच्या अधिनियमानुसार सर्व दृष्टींनी परिपूर्ण असा अर्ज केल्यापासून चार महिन्यांत निर्णय झाला नाही, तर संमती बिनशर्त मिळाली असे मानले जाते. हवेच्या अधिनियमात अशी मानीव संमती नाही. क्रशरसारख्या धंद्यात मुख्य प्रश्न हवेचा असल्याने, चार महिने लोटले म्हणून यंत्र चालू करणाऱ्याला पाण्याच्या कलमाचा आधार पुरत नाही. ‘परिपूर्ण अर्ज’ या शब्दांनाही वजन आहे. कार्यालयाने एखादी त्रुटी कळविली, की अर्ज अपूर्ण ठरतो. म्हणून त्रुटिपत्राला तातडीने व लेखी उत्तर देणे, हा अर्जदाराच्या हातातील एकमेव खरा उपाय होय. संमती नाकारली वा अटी जाचक वाटल्या, तर ३० दिवसांत अपीलीय प्राधिकरणाकडे दाद मागता येते. त्यापुढे २०१० च्या अधिनियमाने स्थापन झालेल्या राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचा मार्ग आहे. त्याचे पश्चिम विभागीय पीठ पुणे येथे आहे.

स्थापनेची संमती मिळाल्यावर बांधकाम व यंत्रउभारणी करता येते, उत्पादन नव्हे. उभारणी झाल्यावर संचालनाच्या संमतीसाठी दुसरा अर्ज करावयाचा. त्या वेळी मान्य केलेली भिंत, तुषारनळ, झाकलेले पट्टे, मजुरांसाठी शौचकूप व शोषखड्डा प्रत्यक्षात आहेत किंवा नाहीत हे पाहिले जाते. अटींच्या पूर्ततेसाठी मंडळ बँक हमी घेऊ शकते. अट मोडल्यास ती जप्त होते. संमतीखालील उद्योगाने दरवर्षी ३० सप्टेंबरपूर्वी मागील आर्थिक वर्षाचे पर्यावरण विवरणपत्र सादर करावयाचे असते. क्षमता वाढविणे, दुसरा जबडा बसविणे किंवा यंत्रे शेजारच्या गटात हलविणे, यांपैकी प्रत्येक गोष्टीस नवी संमती लागते.

संमतीविना धंदा केल्यास मंडळ तो बंद करण्याचा व त्याची वीज वा पाणी तोडण्याचा आदेश देऊ शकते. मूळ कायद्यांत कारावासाची तरतूद होती. २०२३ च्या जनविश्वास अधिनियमाने हवेच्या अधिनियमातील, तर २०२४ च्या दुरुस्तीने पाण्याच्या अधिनियमातील (ती स्वीकारणाऱ्या राज्यांपुरती) बहुतेक अपराधांसाठी कारावासाऐवजी १० हजार ते १५ लक्ष रुपयांपर्यंतच्या शास्तीची योजना केली. लहान उद्योजकाला याने तुरुंगाच्या धाकातून सोडविले हे खरे. परंतु मोठ्या उद्योगाला शास्ती हा खर्चाचा एक भाग वाटण्याचा धोकाही आहे.

आधी काम व मागाहून मंजुरी, या सवयीविषयी न्यायालयांचे मत स्थिर राहिलेले नाही. पूर्वलक्षी पर्यावरण मंजुरी कायद्याच्या तत्त्वाशी विसंगत आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०२० रोजी एका औषधनिर्मिती कंपनीच्या प्रकरणात म्हटले. मुंबईच्या ‘वनशक्ती’ या संस्थेच्या याचिकेवर १६ मे २०२५ रोजी न्यायालयाने अशा मंजुरीची २०१७ ची अधिसूचना रद्द केली. त्याच वर्षी १८ नोव्हेंबर रोजी तीन न्यायाधीशांच्या पीठाने दोन विरुद्ध एक अशा बहुमताने तो निर्णय मागे घेतला. पूर्ण झालेली बांधकामे पाडल्याने होणारी हानी बहुमताला अधिक वाटली. ज्याने नियमाप्रमाणे थांबून आधी संमती घेतली, त्याच्यावर याने अन्याय होतो, हा आक्षेप मात्र त्यामुळे नाहीसा झालेला नाही.

शेजाऱ्याचे हक्क : संमतीची प्रक्रिया अर्जदार व मंडळ या दोघांतील खाजगी व्यवहार नव्हे. पाण्याच्या अधिनियमाच्या २५ व्या कलमानुसार मंडळाने दिलेल्या संमतींच्या अटींची नोंदवही ठेवणे बंधनकारक आहे, आणि ज्याच्या हिताशी वा जमिनीशी तिचा संबंध पोहोचतो अशा कोणालाही ती पाहण्याचा हक्क आहे. हवेच्या अधिनियमातही संमतिपत्रांची अशीच नोंदवही सांगितली आहे. महाराष्ट्रात मंडळाचे संमति-आदेश संकेतस्थळावरही प्रसिद्ध होतात. या आदेशात जागेचा गट क्रमांक, मंजूर उत्पादनक्षमता व घातलेल्या अटी नमूद असतात. ज्या शेतकऱ्याच्या कापसावर धूळ बसते, त्याने ‘क्रशर बंद करा’ असा मोघम अर्ज देण्याऐवजी आदेशातील अमुक क्रमांकाच्या अटीप्रमाणे ईशान्य वा नैर्ऋत्य बाजूची भिंत बांधलेली नाही, असे दिनांक व छायाचित्रासह लिहिल्यास क्षेत्र अधिकाऱ्याला त्याची स्थळपाहणी करून नोंद घ्यावी लागते.